आधी बघू द्या, मग सांगा

तिसरीतल्या मुलाच्या हातात कोरा कागद द्या आणि "काढ तुला हवं ते चित्र" म्हणा. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या फटीतून डोकावणारा सूर्य, तिथूनच वळणं घेत येणारी नदी, काठावर कौलारू घर, एक नारळाचं झाड आणि वर चारच्या आकड्यासारखे पक्षी. घराजवळ डोंगर असो नसो, चित्र बहुतेक वेळा हेच. मोठी माणसं म्हणतात, मुलाला कल्पनाशक्तीच नाही. हा फार अन्यायाचा निष्कर्ष आहे. त्या कागदावर मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेलं जवळजवळ काही नसतं, त्याला पाठ असलेली चिन्हं असतात. डोंगराचं चिन्ह, घराचं चिन्ह, पक्ष्याचं चिन्ह. अक्षरं गिरवावीत तशी ती गिरवून पक्की झालेली असतात. माहीत असणं आणि दिसणं यांत केवढं अंतर असतं, हे मुलाच्या लक्षात आणून देणं हे चित्रकलेच्या तासाचं सगळ्यात मोलाचं काम आहे.

हे अंतर घरीही तपासता येतं. १९७२ साली नॉर्मन फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसमोर एक कप ठेवला. कपाचा कान मागच्या बाजूला, म्हणजे मुलाला न दिसणारा. पुढच्या बाजूला मात्र एक फूल, स्पष्ट दिसणारं. लहान मुलांनी न दिसणारा कान काढला आणि समोर दिसणारं फूल गाळलं! आठेक वर्षांच्या पुढची मुलं उलट वागली: कान वगळला, फूल काढलं. लहान मुलाच्या लेखी कान असल्याशिवाय कप हा कपच होत नाही, आणि फूल काय, असलं काय नसलं काय.

करून बघायचं असेल तर कप टेबलावर पुस्तकं रचून मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला आणा, कान बरोबर मागे करा आणि मुलाला दोन-तीन फुटांवर बसवा. कप खाली राहिला तर वरून कान डोकावतो आणि सगळा प्रयोग फसतो. "जसा दिसतोय तसा काढ" एवढंच म्हणा. चित्र झाल्यावर "चुकलं" हा शब्द नको. मुलाला उठवून पलीकडच्या बाजूनं कप दाखवा, परत जागेवर आणा आणि विचारा, "आता इथून काय काय दिसतंय?" मग नवा कागद द्या. दोन्ही कागद शेजारी ठेवले की फरक मुलाला आपला आपणच दिसतो.

आता डोळ्याकडे वळू. हात पूर्ण लांब करून अंगठ्याचं नख बघा. अगदी तीक्ष्ण दिसतं ते साधारण तेवढ्याच भागात, दृष्टीच्या दोनेक अंशांत. बाकीचं धूसर असतं, पण नजर सेकंदाला तीन-चार वेळा जागा बदलते म्हणून ते जाणवत नाही. ए-थ्री आकाराचं चित्र, म्हणजे ४२ बाय ३० सेंटिमीटर, एक मीटरवरून पाहिलं तर एका वेळी त्यातला जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा गोल तुकडा स्पष्ट दिसतो. असे शंभराहून जास्त तुकडे त्या कागदावर मावतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात प्रेक्षक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात ते मोजलं, तेव्हा सरासरी २७ सेकंद निघाली. निम्मे लोक १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकले होते, आणि त्यात शेजारची पाटी वाचणंही आलं. एवढ्या वेळात नजर चेहऱ्यांवर आणि ठळक रंगांवर दोन-चार घिरट्या घालते आणि बाकीचं चित्र तसंच राहतं.

सोव्हिएत शास्त्रज्ञ अल्फ्रेड यार्बुस यांनी १९६०च्या दशकात नजरेचे हे मार्ग कागदावर उतरवून दाखवले. इल्या रेपिन यांचं एकच चित्र, बघणारा माणूसही तोच. त्याला चित्रातल्या माणसांची वयं विचारली तेव्हा नजर चेहऱ्यांवर फिरली. घरची सांपत्तिक स्थिती विचारली तेव्हा ती कपड्यांवर आणि सामानावर गेली. प्रश्न बदलला की पाहणं बदलतं. म्हणून चित्रासमोर शिक्षक किंवा आई काय विचारते, याला एवढं महत्त्व आहे. "आवडलं का?" या प्रश्नाला "हो" म्हणायला नजर हलवावी लागत नाही.

न्यूयॉर्कच्याच म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये शिक्षण विभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अ‍ॅबिगेल हौसेन यांनी यासाठी तीन प्रश्न बेतले. ते आपल्या वर्गात असे विचारता येतील: "या चित्रात काय चाललंय?", "कशावरून म्हणतेस?" आणि "आणखी काय दिसतंय?" यातला मधला प्रश्न खरं काम करतो. मत मांडून गप्प बसता येत नाही, चित्रात परत जाऊन पुरावा शोधावा लागतो. पुरावा मागण्याची हीच सवय पुढे विज्ञानाच्या तासाला लागते.

वारली चित्रावर एक पूर्ण तास घेऊन बघा. तारपा नाच, म्हणजे तारपा वाद्याच्या सुरावर एकमेकांना धरून गोल फिरणारी माणसं असलेलं चित्र निवडा. छपाई मॅट कागदावर हवी, चकचकीत कागदावर खिडकीचा उजेड पडतो आणि अर्ध्या मुलांना नुसती चमक दिसते. एका ए-थ्री चित्रामागे आठ मुलं पुरे. वर्ग चाळीसचा असेल तर पाच प्रती काढा. प्रोजेक्टर वापरणार असाल तर मूळ फाइल मोठी असू द्या. फोनवर आलेलं लहान चित्र भिंतीवर ताणलं की वारलीतले बारीक ठिपके फुटतात, आणि नेमकं तेच बघायचं असतं.

पहिली दोन मिनिटं कुणीही बोलायचं नाही. चाळीस सेकंदांनंतर चुळबुळ सुरू होते, तेव्हा शिक्षकांनी बोलून ती भरून काढू नये, कारण ठळक गोष्टी संपून नजर कोपऱ्यांकडे वळायची वेळ तीच असते. मग पहिला प्रश्न. कुणी म्हणेल "साप आहे", कुणी "रांग आहे". दोन्ही उत्तरं ऐका. ज्या भागाबद्दल मूल बोलतंय त्यावर बोट ठेवा, त्याचं म्हणणं जरा नेमक्या शब्दांत परत सांगा: "म्हणजे ही माणसं एकमेकांना धरून गोल गोल आत चाललीत असं तुला दिसतंय." बोट महत्त्वाचं, कारण त्यामुळे आठही जणांची नजर एका जागी येते. "बरोबर" किंवा "शाब्बास" म्हणू नका. तसं म्हटलं की बाकीची मुलं चित्र सोडून शिक्षकांचा चेहरा वाचायला लागतात.

आता एकाच आकृतीवर थांबा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे आहेत, वर एक गोल, खाली काटकुळे पाय. डोळे नाहीत, नाक नाही. तरी हा माणूस कुठे चाललाय ते कसं कळतं? पायांची वाकण, वरच्या त्रिकोणाचा कल, हातांची दिशा. बाई कोणती? डोक्यामागे अंबाड्याचा ठिपका आहे ती. एका त्रिकोणाच्या कलण्यानं वेग दाखवता येतो, हे जेव्हा नऊ वर्षांचं मूल स्वतः शोधतं, तेव्हा त्याला सौंदर्याची एक किल्ली सापडलेली असते. त्याला ती "कमी रेषांत जास्त सांगणं" अशा शब्दांत सांगता येणार नाही, पण त्याच्या पुढच्या चित्रातला माणूस जरा तिरका उभा राहतो.

माहिती यानंतर, साधारण विसाव्या मिनिटाला. पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा, पाण्यात कालवलेला. खाली गेरूनं किंवा शेणमातीनं सारवलेली भिंत. टोक चावून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी. ही चित्रं परंपरेनं लग्नाच्या वेळी बायकांनी काढायची, चौकात, म्हणजे भिंतीवर रेखलेल्या चौकोनात, पालघाट देवी. पुढे कागदावर आणि जगभर ती नेली जिव्या सोमा म्हसे यांनी, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. तारपा हे दुधी भोपळा आणि बांबूपासून केलेलं फुंकून वाजवायचं वाद्य. एवढं सांगितलं की चित्र पुन्हा बघायला लावा. तास बहुतेक इथंच चुकतो: माहिती दिली की चित्र गुंडाळलं जातं.

दुसऱ्यांदा बघणं का हवं, याचा पुरावा अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयातून आला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलांनी आणि मोठ्यांनी नजर टिपणारे चष्मे लावून पाच चित्रं पाहिली, आधी मोकळेपणानं आणि मग चित्राची माहिती ऐकून. मुलांची पहिली नजर भडक, उठून दिसणाऱ्या भागांकडे ओढली गेली. माहिती ऐकल्यावर ती कमी ठळक, पण अर्थाच्या जागांवरही थांबू लागली. प्रयोग छोटा होता, पण वर्गात जे दिसतं त्याच्याशी जुळणारा आहे. माहिती आधी दिली तर मूल ऐकलेलंच शोधतं. कधीच दिली नाही तर गेरू, लग्न, देवी यातलं काहीच त्याच्या हाती लागत नाही. नुसत्या प्रश्नांवर तास संपवणारे उत्साही लोकही म्हणूनच अर्ध्यावर थांबतात.

एवढ्यानं फरक किती पडतो? अमेरिकेत अर्कान्सासमधल्या क्रिस्टल ब्रिजेस संग्रहालयाकडे सहलीसाठी इतके अर्ज आले की कोणत्या शाळा आधी जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. संशोधकांना ही आयती संधी मिळाली. १२३ शाळांमधल्या सुमारे ११ हजार विद्यार्थ्यांमध्ये, आधी जाऊन आलेल्या आणि अजून न गेलेल्या अशा दोन गटांची तुलना झाली. भेट जेमतेम तासाभराची, पाचेक चित्रांची. काही आठवड्यांनी दोन्ही गटांना एक अनोळखी चित्र देऊन त्यावर लिहायला सांगितलं. जाऊन आलेल्या मुलांच्या लिखाणात बारकावे आणि तर्क जास्त होते. एकूण फरक लहानच होता, पण खेड्यातल्या शाळांमध्ये तो सरासरीच्या तिपटीहून जास्त भरला. ज्यांना असं काही बघायला मिळतच नाही त्यांना सगळ्यात जास्त लाभ झाला. आपल्याकडे खर्चाला कात्री लावताना नेमक्या याच शाळांचा चित्रकलेचा तास आधी जातो, याचं फार वाईट वाटतं.

तास संपल्यावर चित्र कपाटात ठेवू नका. वर्गात मुलांच्या नजरेच्या उंचीला लावा. तिसरी-चौथीसाठी चित्राचा मध्य जमिनीपासून सव्वा मीटरवर येऊ द्या, फळ्याच्या वर टांगलेलं चित्र कुणी बघत नाही. शेजारी कोरा कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल ठेवा, ज्याला नवं काही दिसेल त्यानं तिथं लिहायचं. दोन आठवड्यांनी चित्र उतरवा, मुलांना आठवणीतून ते काढू द्या आणि मग मूळ चित्र परत त्याच खिळ्याला लावा.