तारेखालची हिरडी

"मावशी, ब्रश केला की रक्त येऊन रायलं." दातांना तार बसवून तीन महिने झालेला माझा भाचा परवा बेसिनपाशी सांगत होता. रक्ताला घाबरून त्यानं त्या बाजूला ब्रश लावणंच सोडलं होतं. मी त्याचा खालचा ओठ ओढून पाहिला. दातावर तार धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटच्या बुडाशी सकाळच्या तर्री पोह्यांचा कण अडकलेला, त्याखाली हिरडी लालभडक, फुगून पार ब्रॅकेटला टेकलेली.

खरं तर हिरडी तारेमुळे सुजत नाही, तारेआड साचलेल्या जंतूंच्या चिकट थरामुळे सुजते. 1965 मध्ये डेन्मार्कमध्ये दंतसंशोधक हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या काही जणांना दात घासणं बंद करायला लावलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात बऱ्या झाल्या. म्हणजे जिथून रक्त येतं, तीच जागा हलक्या हातानं पण नीट घासायची असते. आपण नेमकं उलट करतो, आणि मला याचीच काळजी वाटते.

वेड्यावाकड्या दातांचं गणितही हेच. एकावर एक चढलेल्या दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथला थर लाळेतल्या क्षारांनी कडक होतो आणि त्याचं कीटण बनतं. मग ते ब्रशनं निघत नाही, डॉक्टरांकडूनच काढून घ्यावं लागतं.

तार दाताला हाडातून सरकवते, महिन्याला जेमतेम 1 मिलिमीटर. ज्या बाजूला दाब येतो तिथलं हाड विरघळतं, मागच्या बाजूला नवं भरतं. हिरडी निरोगी असेल तर हे काम बिनबोभाट चालतं. पण हिरडीखाली 4-5 मिलिमीटरची खोल फट पडून आत सूज असेल आणि तशातच दात ओढले, तर झिजलेलं हाड आणखी झिजतं. म्हणून मोठ्या वयात तार लावणाऱ्यांनी आधी हिरड्या तपासून घ्याव्यात. आपल्या नागपुरात मेडिकलच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात हिरड्यांचा आणि तारेचा, दोन्ही विभाग आहेत.

भाच्याला मी फटीत जाणारा बारीक ब्रश आणून दिला. तारेखालून एकदा वरून, एकदा खालून. पहिल्या रात्री बेसिन गुलाबी झालं, तरी त्यानं हात थांबवला नाही.