रामकुंडापासून हार्ड डिस्कपर्यंत: कार्ड रीडरचा वेग कुठून आला

लग्नसराई तोंडावर आली की पंचवटीतल्या आमच्या स्टुडिओत नवी पोरं येतात आणि हमखास विचारतात, "ताई, फास्ट कार्ड रीडर कुठला घेऊ?" कार्ड रीडर म्हणजे कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डातले फोटो संगणकात उतरवणारं छोटं यंत्र. एखादं नाव सांगून मोकळं होता येईल. पण महिन्याभराने तोच मुलगा तोच रीडर घेऊन परत येतो: "बॉक्सवर लिहिलाय तेवढा स्पीड येतच नाही." रीडर बहुतेक वेळा धड असतो. घोडं अडतं ते दुसरीकडेच. कधी कार्डात, कधी संगणकाच्या पोर्टात, म्हणजे केबल लावायच्या खाचेत, कधी केबलीत, तर कधी ज्या डिस्कवर आपण डेटा उतरवतो तिच्यात. गेल्या तीसेक वर्षांत हे घोडं दर काही वर्षांनी नव्या जागी अडत आलंय. कुठे आणि का, हे समजलं की रीडर निवडणं अवघड राहत नाही. नाशिकमध्ये काळ मोजायला सिंहस्थ आहेच, त्याच मापाने सांगते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या सिंहस्थात आमच्याकडे संगणकच नव्हता. माझे वडील, अण्णा, ३६ फोटोंचे रोल घेऊन गोदाघाटावर जायचे. कोरे रोल डाव्या खिशात, भरलेले उजव्या. घरी आल्यावर रोल धुऊन निगेटिव्ह दोरीवर टांगेपर्यंत ते जेवायला बसत नसत. फोटो तेवढ्या एका पट्टीवर असायचा आणि ती खराब झाली की विषय संपला. आज मी रीडरच्या वेगाची एवढी काळजी करते ती याच भीतीपोटी. कार्ड कॅमेऱ्यातून निघाल्यापासून त्यातला डेटा दोन डिस्कांवर उतरेपर्यंत कुणाचं तरी अख्खं लग्न नखाएवढ्या एका तुकड्यावर असतं. हा वेळ जितका कमी, तितकं बरं.

अण्णा रोल धूत होते त्या काळात जपानमध्ये रोलची जागा घेणारी वस्तू तयार झालेली होती. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली आणि १९८७ मध्ये तिचा नॅन्ड हा प्रकार आणला. वीज बंद झाली तरी मजकूर जसाच्या तसा राहणारी ही चिप. तिच्यातला मजकूर एका झटक्यात पुसला जातो हे पाहून मासुओकांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली आणि तेच नाव पडलं. आपल्या धंद्यातला शब्द त्या चिपला मिळाला, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

१९९४ मध्ये सॅनडिस्कने कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आणलं. पाठोपाठ १९९५ मध्ये तोशिबाचं स्मार्टमीडिया, १९९८ मध्ये सोनीची मेमरी स्टिक, १९९९ मध्ये पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा यांनी मिळून जाहीर केलेलं एसडी, २००२ मध्ये ऑलिम्पस आणि फुजीफिल्मचं एक्सडी. कार्डांची अशी भाऊगर्दी झाली म्हणून तर 'ऑल इन वन' नावाचे चार-पाच खाचांचे रीडर बाजारात आले. त्याआधी कॅमेऱ्यातून संगणकात फोटो न्यायची वाट फार चिंचोळी होती. सीरियल केबलीतून सेकंदाला जेमतेम ११ केबी जात, म्हणजे १ एमबीचा एक फोटो उतरायला दीड मिनिट. स्मार्टमीडियासाठी तर फ्लॉपीच्या आकाराचा अ‍ॅडॉप्टर मिळायचा. कार्ड त्यात सरकवायचं आणि तो फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालायचा. संगणकाकडे आत शिरायला दुसरं दारच नव्हतं.

ते दार यूएसबीने उघडलं. १९९६ मध्ये आलेल्या पहिल्या यूएसबीचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट. इथे एक हिशेब कायमचा डोक्यात ठेवावा: पोर्टाचा वेग बिटमध्ये सांगतात, फाइल मोजतात बाइटमध्ये, म्हणून आधी ८ ने भागायचं. वरखर्च वजा जाता त्या पोर्टातून सेकंदाला साधारण १ एमबी हाती लागायचा. २००० मध्ये यूएसबी २.० आलं आणि कागदावरचा वेग ४८० मेगाबिट झाला. हाती येतात सुमारे ३५ ते ४० एमबी.

२००३ च्या सिंहस्थापर्यंत अण्णांनी ६ मेगापिक्सेलचा डिजिटल कॅमेरा घेतला होता, २५६ एमबीच्या दोन कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डांसकट. रीडरच्या बॉक्सवर ठळक अक्षरांत 'यूएसबी २.०' आणि खाली बारीक अक्षरांत 'फुल स्पीड'. आम्ही खूश. पुढे कळलं की 'फुल स्पीड' म्हणजे जुनाच १२ मेगाबिटचा वेग. नव्या वेगाचं नाव 'हाय स्पीड'. दोन्ही शब्द ऐकायला सारखेच जोरदार. एक कार्ड खाली व्हायला चार-पाच मिनिटं लागायची आणि आम्हाला तेच भारी वाटायचं. बॉक्सवरच्या शब्दावर विसंबायचं नाही, आकडा वाचायचा, हे मी तेव्हापासून धरून आहे.

त्याच रीडरची आणखी एक आठवण आहे. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाच्या कडेला ५० बारीक भोकं असतात आणि रीडरच्या आत तेवढ्याच पिना. गडबडीत कार्ड जरा तिरकं गेलं आणि कोपऱ्यातली एक पिन वाकली. अण्णांनी टॉर्च माझ्या हातात दिली, आईच्या डब्यातली शिवणाची सुई घेतली आणि श्वास रोखून ती पिन केसाएवढी केसाएवढी सरळ केली. कार्ड परत घातल्यावर फोल्डर उघडेपर्यंत दोघंही बोललो नाही. एसडी कार्डाचे संपर्क सपाट पट्ट्यांचे असतात, त्यामुळे पिना वाकण्याची ही भानगड आता नाहीशी होत आली आहे. पण रीडर हातात घेतला की मी अजूनही आधी त्याच्या खाचेत डोकावते: कार्ड सरळच जाईल असा खोल मार्ग आहे का, की तोंड भोंगळ आहे?

पुढची अडचण वेगाची नव्हती, ओळखीची होती. मूळ एसडी कार्ड २ जीबीपर्यंतचं. २००६ मध्ये एसडीएचसी आलं, ३२ जीबीपर्यंत. २००९ मध्ये एसडीएक्ससी, २ टीबीपर्यंत, आणि त्याची फाइल मांडण्याची पद्धतच वेगळी, एक्सफॅट. तिन्ही कार्डं दिसायला हुबेहूब. जुन्या रीडरमध्ये किंवा अपडेट न केलेल्या विंडोज एक्सपीवर नवं कार्ड घातलं की पडद्यावर यायचं, 'डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करायची का?' आमच्या ओळखीच्या एका फोटोग्राफरच्या हाताखालच्या मुलाने हळदीच्या रात्री 'हो' दाबलं. रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरंच परत आणलं, सगळं नाही. त्या मुलाचा काय दोष? पडद्याने विचारलं, त्याने उत्तर दिलं. म्हणून आमच्याकडे असा प्रश्न आला की कुणीही कशालाही हात लावायचा नाही, कार्ड काढून मला हाक मारायची, असा नियम आहे.

कार्डावरच्या आकड्यांचंही असंच. '१०००x' हे माप सीडीच्या काळातलं आहे. मूळ सीडी ड्राइव्हचा वेग सेकंदाला १५० केबी, म्हणजे १०००x म्हणजे १५० एमबी. मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा जवळपास नेहमी वाचण्याचा असतो, तोही जास्तीत जास्त. व्ही३०, व्ही६०, व्ही९० ही २०१६ मध्ये आलेली चिन्हं लिहिण्याचा किमान वेग सांगतात. ती व्हिडिओ शूट करताना कामाची; रीडर निवडताना त्यांचा उपयोग नाही.

रीडर निवडताना कार्ड उलटं करून पाहायचं. मागे पट्ट्यांची एकच ओळ असेल तर कार्ड फार तर यूएचएस-१ या वेगप्रकाराचं, मर्यादा सेकंदाला १०४ एमबी. दोन ओळी असतील तर यूएचएस-२, मर्यादा ३१२. ही दुसरी ओळ २०११ मध्ये आली. दोन ओळींचं कार्ड एका ओळीच्या रीडरमध्ये चालतं, पण एका ओळीच्या वेगाने, आणि रीडर तक्रार करत नाही. हजारो रुपयांचं कार्ड घेऊन वर्षभर निम्म्याहून कमी वेगाने वापरणारे लोक मी पाहिलेत. उलट प्रकारही आहे. काही कंपन्या एका ओळीच्या कार्डावर १७० किंवा २०० एमबी छापतात. आकडा खोटा नाही, पण त्यांनी मूळ मानकाबाहेर जाऊन स्वतःची पद्धत वापरलेली असते आणि तो वेग ती पद्धत समजणाऱ्या रीडरमध्येच मिळतो. दुसऱ्या रीडरमध्ये ९० च्या आसपास.

२०१५ च्या सिंहस्थातली पहिली पर्वणी राखी पौर्णिमेला होती, २९ ऑगस्टला. पहाटेपासून आखाड्यांचे साधू रामकुंडाकडे येत होते आणि मी बर्स्टवर, म्हणजे एकापाठोपाठ फोटो काढत, बोट ठेवून उभी होते. घरी आले तेव्हा ६४ जीबीची तीन कार्डं भरलेली होती आणि फोटो दुपारच्या आत द्यायचे होते. यूएसबी ३.० येऊन सात वर्षं झाली होती, ५ गिगाबिटचं. माझा रीडरही तोच होता. तरी पडद्यावर वेग ३४ एमबी. एका कार्डाला अर्धा तास, तिन्हींना दीड. मग लक्षात आलं की सवयीने मी कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात रीडर लावला होता आणि ते पोर्ट २.० चं होतं. टेबलाखाली शिरून मागचं ३.० चं निळं पोर्ट शोधलं. आकडा ८८ वर गेला, कार्डामागे बारा मिनिटं. रीडर तोच, कार्ड तेच.

याच काळात कार्डांचा वेग असा वाढला की पोर्टंच मागे पडू लागली. निकॉन, सोनी आणि सॅनडिस्कच्या पुढाकाराने आलेलं एक्सक्यूडी कार्ड २०१२ मध्ये निकॉन डी४ कॅमेऱ्यात दिसलं. त्याच घडणीवर सीएफएक्स्प्रेस उभं राहिलं. त्याच्या टाइप बी कार्डाची मर्यादा सेकंदाला सुमारे २ जीबी, छोट्या टाइप एची १ जीबी, आणि २०२३ च्या नव्या आवृत्तीत दोन्ही दुप्पट. ही कार्डं आतून एसएसडीच आहेत, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी वेगवान डिस्क. १० गिगाबिटच्या पोर्टातून हाती येतो जेमतेम १ जीबी, म्हणजे इथे पोर्टच कार्डाला रोखून धरतं. शिवाय रीडर तापतो. चांगल्या रीडरचं अंग धातूचं असतं ते उगाच नाही. उष्णता बाहेर गेली नाही तर कार्ड स्वतःच वेग उतरवतं. टाइप बी आणि एक्सक्यूडी एकाच मापाची असली तरी बरेच सीएफएक्स्प्रेस रीडर एक्सक्यूडी वाचत नाहीत, हे जुनी कार्डं जपून ठेवलेल्यांनी घेण्याआधी विचारावं.

नावांचा घोळ दरम्यान वाढला. यूएसबी ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही तिन्ही एकाच ५ गिगाबिटची नावं. १० गिगाबिटला जेन २ म्हणतात. दुकानदार '३.२ आहे' म्हणाला तर 'किती गिगाबिट?' एवढंच विचारावं. आणि टाइप-सी हा केवळ तोंडाचा आकार आहे. मोबाइलच्या चार्जरबरोबर येणाऱ्या कितीतरी टाइप-सी केबली आतून यूएसबी २.० च्या असतात. गेल्या हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरहून पक्ष्यांचे फोटो घेऊन आले आणि नवाकोरा रीडर ४० एमबीवर रांगायला लागला. तासभर मी रीडरला दोष देत होते. शेवटी कळलं की रीडरची आखूड केबल गाडीत राहिली होती आणि मी भिंतीजवळची चार्जिंगची केबल लावली होती. आता कामाच्या केबलींना मी लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे.

बहुतेक लग्नवाल्यांचं घोडं आज अडतं ते शेवटच्या टोकाला. फिरत्या तबकडीची खिशातली हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी लिहिते. तिच्यावर उतरवायचं असेल तर यूएचएस-२ रीडरचे पैसे वाया. त्याच पैशात छोटी एसएसडी घ्या, आधी तिच्यावर उतरवा, हार्ड डिस्कवर दुसरी प्रत नंतर सावकाश जाऊ द्या. दोन कार्डं एकदम खाली करायची असतील तर दोन रीडर दोन वेगळ्या पोर्टांत लावा, एका पोर्टाची अनेक पोर्टं करणाऱ्या एकाच हबमध्ये लावले तर वेग वाटला जातो.

२०२७ च्या सिंहस्थासाठी मी दोन रीडर काढून ठेवले आहेत: दोन ओळींच्या एसडीसाठी एक ५ गिगाबिटचा आणि सीएफएक्स्प्रेस टाइप बीसाठी एक १० गिगाबिटचा, धातूचा. नवा रीडर आणला की पहिल्याच दिवशी, दुकानात परत देता येतो तोवर, एक भरलेलं कार्ड एसएसडीवर उतरवून पडद्यावरचा आकडा कागदावर लिहिते आणि तो कागद रीडरच्या डबीत ठेवते. पुढे कधी वेग मंदावला की आधी डबी उघडायची. भरलेली कार्डं कव्हरमध्ये उलटी, कोरी सुलटी. आणि दुसरी प्रत उघडून शेवटचा फोटो डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कार्ड सुलटं होत नाही.