टायर ड्रेसिंग

टायर ड्रेसिंग : मोटारगाडीच्या टायरची बाहेरील भिंत, म्हणजे साइडवॉल, स्वच्छ केल्यानंतर तिचा काळेपणा व तकाकी परत आणण्यासाठी तिच्यावर देण्यात येणारा पातळ लेप, तसेच तो लेप देण्याची क्रिया. कार डिटेलिंगमध्ये, म्हणजे गाडीच्या बारकाईने केलेल्या सफाई व सजावटीत, या क्रियेचा क्रम शेवटचा असतो. बॉडी धुऊन, पुसून, वॅक्स किंवा सिरॅमिक लेपाचे काम उरकले की गाडी मालकाच्या ताब्यात देण्यापूर्वी टायरला हात लावला जातो. कोल्हापुरातील वॉशिंग सेंटरांवर तिला ‘टायर पॉलिश’ किंवा ‘टायर शाइन’ म्हणतात.

टायरचा काळा रंग : लेपाचे कार्य समजण्यासाठी टायर मुळात काळा का असतो हे पाहणे आवश्यक आहे. नैसर्गिक रबर फिकट असते आणि सुरुवातीच्या टायरांत झिंक ऑक्साइड मिसळले जात असल्यामुळे ते पांढरट किंवा करडे दिसत. मिशेलिन कंपनीने 1898 मध्ये प्रचारात आणलेला टायरांचा माणूस पांढरा आहे, तो याच कारणाने. कार्बन ब्लॅक, म्हणजे अतिसूक्ष्म काजळी, मिसळली असता रबराची झीज कमालीची कमी होते, हा शोध सामान्यतः लंडनच्या सिल्व्हरटाउन भागातील इंडिया रबर, गटापर्चा अँड टेलिग्राफ वर्क्स या कारखान्यातील एस. सी. मोट यांच्याकडे आणि 1904 या वर्षाकडे नेला जातो. अमेरिकी परंपरेतील वृत्तांत काहीसा निराळा आहे. त्यानुसार साधारणपणे 1910 ते 1912 च्या दरम्यान ओहायो राज्यातील ॲक्रन येथे डायमंड रबर आणि तिला पुढे सामावून घेणारी गुडरिच या कंपन्यांनी काळे टायर रूढ केले. केवळ रंगासाठी मागवलेल्या काजळीने टायरचे आयुष्य वाढल्याचे योगायोगाने ध्यानात आले, अशीही हकिकत सांगितली जाते. तथापि डायमंडने सिल्व्हरटाउनच्या कारखान्याकडून टायरबांधणीचे हक्क घेतले होते हे लक्षात घेता योगायोगाच्या कथेपेक्षा इंग्लंडमधील अग्रक्रम अधिक सयुक्तिक वाटतो. व्यापारी प्रसाराचे श्रेय मात्र ॲक्रनला द्यावे लागते. आजच्या कारच्या टायरमध्ये वजनाने सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा कार्बन ब्लॅक असतो.

तपकिरीपणाचे कारण : टायर काही महिन्यांत तपकिरी, विटकरी दिसू लागतो याला पुष्कळदा मातीच कारण समजली जाते. कोल्हापूरच्या पश्चिमेस पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी या बाजूंना जांभ्याची तांबडी माती असल्याने हा समज स्वाभाविक आहे, आणि ती माती साइडवॉलवरील अक्षरांच्या खाचांत घट्ट बसते हेही खरे. परंतु मुख्य कारण रबराच्या आतच असते. रबराच्या रेणूंतील द्विबंधांवर, म्हणजे कार्बन अणूंमधील दुहेरी बंधांवर, हवेतील ओझोनचा मारा होऊन ताणलेल्या भागात ताणाच्या काटकोनात भेगा पडतात. ते टाळण्यासाठी उत्पादक मिश्रणात दोन गोष्टी घालतात : एक म्हणजे मेण आणि दुसरे ओझोनरोधक रसायन, ज्यांपैकी ‘सिक्स-पी-पी-डी’ हे सर्वाधिक वापरात आहे. दोन्ही पदार्थ हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतात. मेणाचा थर उभ्या गाडीच्या टायरचे रक्षण करतो, पण टायर फिरताना वाकतो तसा हा थर फुटतो, आणि तेथे ओझोनरोधकाला स्वतः ओझोनशी संयोग पावून रबर वाचवावे लागते. या संयोगातून जे पदार्थ तयार होतात ते तपकिरी असतात. म्हणूनच शाम्पूने धुतलेला टायरही वाळल्यावर पुन्हा विटका दिसतो, आणि टायर क्लीनर मारून ताठ केसांच्या ब्रशने घासले की पांढरा फेस चहाच्या रंगाचा होऊन खाली ओघळतो. फेस पांढरा राहीपर्यंत दोन-तीनदा घासणे, हा या कामाचा खरा गाभा आहे. घाण व जुना लेप राहिलेल्या रबरावर दिलेला नवा लेप टिकत नाही. अगदी नव्या टायरलाही ही धुलाई लागते, कारण त्यावर साच्यातून सोडवण्याच्या द्रव्याचा अंश राहिलेला असतो.

लेपांचे प्रकार : टायरला काळा रंग फासण्याची प्रथा जुनी असून पूर्वी त्यासाठी द्रावकात विरघळवलेले रबर व काजळी यांचा रंग वापरला जाई. सध्याचे लेप मात्र सिलिकॉनशास्त्राचे अपत्य होत. नॉटिंगहॅम येथे फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केलेले संशोधन, 1940 च्या सुमारास युजीन रॉचो यांनी शोधलेली थेट उत्पादनपद्धती आणि 1943 मध्ये स्थापन झालेली डाऊ कॉर्निंग कंपनी या टप्प्यांनंतर सिलिकॉन तेल औद्योगिक प्रमाणावर उपलब्ध झाले. रबर व प्लॅस्टिकवर लावण्याची सिलिकॉनयुक्त द्रव्ये 1960–70 च्या दशकांत कॅलिफोर्नियातून पुढे आली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

आजचे लेप दोन गटांत मोडतात. पहिल्या गटात पॉलिडायमिथिलसिलॉक्झेन हे सिलिकॉन तेल पाण्यात बारीक थेंबांच्या रूपाने मिसळलेले असते; हे द्रव्य दुधासारखे पांढरे दिसते आणि वाळल्यावर मंद, नव्या टायरसारखी छटा देते. दुसऱ्या गटात तेच तेल पेट्रोलियम द्रावकात असते. द्रव्य पारदर्शक व तेलकट असून ओल्या टायरसारखी झगझगीत चमक देते आणि पावसात अधिक दिवस टिकते. ग्लिसरीन व पाणी यांचे मिश्रणही स्वस्त पर्याय म्हणून वापरले जाते, पण ते पहिल्याच सरीत धुऊन जाते. काही ठिकाणी डिझेल, जळके इंजिन ऑइल किंवा ब्रेक ऑइल फडक्याने फासले जाते. हा प्रकार सर्वथा त्याज्य होय. खनिज तेले रबरात शिरून ते फुगवतात व मऊ करतात, तर ब्रेक ऑइलचा शिंतोडा बॉडीवर पडल्यास तेथील रंग निघून येतो.

रक्षणाविषयीचे मतभेद : उत्पादनांच्या वेष्टनांवर हा लेप अतिनील किरण व ओझोन यांपासून टायरचे रक्षण करतो असे लिहिलेले असते. उलटपक्षी, लेपामुळेच टायरला भेगा पडतात, असेही अनेक अनुभवी मेकॅनिक मानतात. पहिल्या दाव्याचा पाया कमकुवत आहे. अतिनील किरण शोषण्याचे काम टायरमधील कार्बन ब्लॅक आधीच समर्थपणे करीत असतो, आणि सिलिकॉन तेलातून वायू इतर बहुतेक बहुवारिकांच्या (पॉलिमरांच्या) मानाने सहज आरपार जातात. त्यामुळे त्याचा पातळ थर ओझोनला अडवील अशी अपेक्षा करता येत नाही. दुसऱ्या मताबाबत प्रकारभेद करणे युक्त ठरेल. पेट्रोलियम द्रावक पृष्ठभागावरील मेण विरघळवतो, त्यामुळे द्रावकयुक्त लेपाचा वारंवार, जाड वापर आणि त्यानंतर गाडी दीर्घकाळ उभी ठेवणे शंकास्पद आहे. पाण्यातील सिलिकॉनवर तसा आरोप ठेवण्यास पुरेसे कारण दिसत नाही. नियमित फिरणाऱ्या गाडीत रबराच्या आतून मेण व ओझोनरोधक पुन्हा वर येतच राहतात. एकंदरीत हा लेप शोभेचा आहे असे मानणेच योग्य.

कोल्हापुरातील वापर : शहरात आणि पुणे–बंगळूर महामार्गालगत वॉशिंग सेंटरे व अलीकडे डिटेलिंगची दुकाने दिसतात. मागणीला सणांची लय आहे. दसऱ्याला, विशेषतः खंडेनवमीच्या पूजेपूर्वी, गाड्या धुण्यासाठी रांगा लागतात. या शहरात वाहनाच्या देखणेपणाला मान आहे, आणि शाही दसऱ्याच्या सोहळ्यात छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातील मेबॅक मोटार पाहण्यास लोक आवर्जून येतात. पूजेच्या संदर्भात एक व्यावहारिक बाब नोंदवण्याजोगी आहे : ओल्या लेपावर पडलेली हळद व कुंकू त्यात कालवले जाऊन डाग राहतात, म्हणून लेप आदल्या दिवशी देऊन कोरड्या फडक्याने जास्तीचे द्रव्य टिपून घ्यावे. जून ते सप्टेंबर या पावसाळ्यात पाण्यातील लेप फारसा टिकत नाही, आणि ऊसतोडीच्या हंगामात शेतातून रस्त्यावर येणारा काळा चिखल व धूळ तेलकट लेपाला चटकन चिकटतात. येथील हवामानात मंद छटेचा पातळ लेपच श्रेयस्कर ठरतो.

लेप बाटलीतून थेट टायरवर न फवारता फोमच्या तुकड्यावर घेऊन लावावा व 10 ते 15 मिनिटे वाळू द्यावा. घाई केल्यास चाक फिरताच जास्तीचे थेंब उडतात; पांढऱ्या गाडीच्या मडगार्डमागे दरवाजाच्या खालच्या अंगाला कमानीच्या आकारात उमटलेले करडे ठिपके, ही या घाईची ठरलेली खूण.

धोके : टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर, ब्रेक डिस्कवर किंवा पॅडवर लेप जाता कामा नये, पकड व ब्रेक दोन्ही कमी होतात. दुचाकीच्या टायरला तर हा लेप देऊच नये, कारण वळणावर गाडी कलते तेव्हा नक्षीची कडाच रस्त्यावर टेकते आणि लेप तेथून अगदी जवळ असतो.

रंगकाम करणाऱ्यांना सिलिकॉनचा विशेष धसका असतो. सिलिकॉन तेलाचा पृष्ठताण मीटरमागे सुमारे 20 ते 21 मिलिन्यूटन, म्हणजे बहुतेक रंगांपेक्षा कमी असतो. पत्र्यावर त्याचा अंश राहिल्यास ओला रंग त्या जागेवरून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. त्यामुळे शिवाजी उद्यमनगरासारख्या भागात, जेथे दुरुस्ती व रंगकाम शेजारीशेजारी चालते, तेथे फवाऱ्याचा लेप रंगाच्या बूथपासून दूर वापरणे आवश्यक आहे.

जुन्या गाडीच्या व्यवहारात ताज्या लेपाने टायरचे वय झाकले जाते. साइडवॉलवर ‘डॉट’ खुणेच्या शेवटी असलेले चार अंक उत्पादनाचा आठवडा व वर्ष सांगतात. 3521 म्हणजे 2021 चा पस्तिसावा आठवडा. ही चार अंकी पद्धत 2000 पासूनची आहे. भिंत बोटांनी दाबून बारीक भेगा पाहाव्यात, कारण लेप भेगांचा रंग झाकतो, भेग भरून काढत नाही.

सांडपाणी : टायर घासल्यावर वाहून जाणाऱ्या पाण्यात क्लीनर, सिलिकॉन व रबराचे कण असतात. सिक्स-पी-पी-डीचा ओझोनशी संयोग होऊन बनणारे क्विनोन हे रसायन कोहो जातीच्या सामन माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक असल्याचे अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील संशोधनातून 2020 च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. कोल्हापुरात जयंती नाला पंचगंगेला मिळतो. वॉशिंग सेंटरचे पाणी गटारात सोडण्याआधी गाळ व तेल वेगळे करणारी टाकी असावी, ती यासाठीच.