नेटिव्ह इंटरफेस

अनेक ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरने प्रत्येक सिस्टीमवर तिथलेच मेन्यू, बटणे, शॉर्टकट आणि खिडक्या हाताळण्याचे संकेत पाळावेत, असे सांगणारे सॉफ्टवेअर-रचनेतील तत्त्व. त्याच्या दोन बाजू आहेत : रूप, म्हणजे घटक कसे दिसतात, आणि वर्तन, म्हणजे कळ दाबल्यावर किंवा माउस हलवल्यावर ते काय करतात. चर्चा बहुधा रूपाची होते. वापरकर्त्याची अडचण मात्र वर्तनातून उद्भवते.

या तत्त्वाचा मुख्य आधार सवय हा आहे. वापरकर्ता दिवसभरात अनेक प्रोग्रॅम वापरतो आणि हाताला बसलेले वळण त्या सर्वांना समान असलेल्या सिस्टीमचे असते. विकसक आपले सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर शेजारी शेजारी उघडून पाहतो, त्यामुळे तिन्हींतील फरक त्याला खटकतो. वापरकर्ता बहुधा यांपैकी एकाच सिस्टीमवर असतो. विकसकाने मोठ्या कष्टाने राखलेले साम्य त्याला दिसतच नाही. शेजारच्या प्रोग्रॅमपेक्षा हा वेगळा वागतो, एवढेच जाणवते.

तत्त्वाचा उगम कोठे मानावा याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतील कामात आणि त्यातून १९८१ मध्ये बाजारात आलेल्या स्टार या संगणकात पाहतात. स्टारवरील सर्व प्रोग्रॅमना समान आज्ञा होत्या हे खरे. पण ते सर्व झेरॉक्सनेच लिहिलेले असल्याने बाहेरच्या विकसकाने काय पाळावे हा प्रश्न तेथे आलाच नाही. दुसरे मत आयबीएमच्या कॉमन यूझर ॲक्सेस (१९८७) या नियमावलीला मान देते. तिचा रोख मात्र उलट होता : मेनफ्रेम या मोठ्या मध्यवर्ती संगणकाच्या टर्मिनलपासून वैयक्तिक संगणकापर्यंत सर्वत्र एकच इंटरफेस असावा, अशी ती कल्पना होती. १९८४ च्या मॅकिंटॉशपासून सुरुवात धरणारे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याच्या ६४ किलोबाइट रॉममध्ये, म्हणजे कायमस्वरूपी स्मृतीत, मेन्यू, खिडक्या व बटणे काढणारे तयार उपप्रोग्रॅम होते. ते सोडून स्वतःची बटणे रंगवणे विकसकाला अधिक कष्टाचे पडे. ॲपलच्या इंटरफेसविषयक मार्गदर्शक सूचना १९८५ च्या सुमारास विकसकांसाठीच्या ग्रंथात आणि १९८७ मध्ये स्वतंत्र पुस्तकरूपाने आल्या.

शॉर्टकटांचा इतिहास याच गुंत्याचा भाग आहे. कापणे व चिकटवणे या क्रिया लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी पार्कमधील जिप्सी या मजकूर-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये, साधारणतः १९७४–७५ मध्ये, रुळवल्या. झेड, एक्स, सी, व्ही या ओळीने असलेल्या चार कळा ॲपलच्या लिसावर (१९८३) स्थिरावल्या. आयबीएमच्या नियमावलीत त्याच कामांसाठी शिफ्ट-डिलीट, कंट्रोल-इन्सर्ट आणि शिफ्ट-इन्सर्ट या जोड्या होत्या व आरंभीच्या विंडोजने त्याच घेतल्या. कंट्रोलसह ॲपलची अक्षरे विंडोजवर रूढ झाली ती १९९० च्या दशकाच्या आरंभी. जुन्या जोड्याही बऱ्याच ठिकाणी अजून चालतात.

सर्वाधिक वाद बटणांच्या क्रमावर झाला आहे. विंडोजमध्ये ‘ओके’ डावीकडे व ‘कॅन्सल’ त्याच्या उजवीकडे असते. मॅकवर होकाराचे बटण उजव्या कोपऱ्यात आणि नकाराचे त्याच्या डावीकडे असते. पहिल्या क्रमाचे समर्थक वाचनाच्या दिशेचा दाखला देतात. दुसऱ्याचे समर्थक म्हणतात, की नजर खिडकीच्या शेवटच्या कोपऱ्यात येऊन थांबते, म्हणून पुढे नेणारे बटण तेथे असावे. लिनक्सवर दोन्ही परंपरा नांदतात : तेथील दोन प्रमुख डेस्कटॉपांपैकी नोमने २००२ च्या सुमारास मॅकसारखा क्रम घेतला, केडीईने विंडोजसारखा ठेवला. कोणता क्रम मुळात चांगला, याला व्यवहारात फारसे महत्त्व नाही. मॅक वापरणारा मजकूर न वाचता उजव्या कोपऱ्यावर क्लिक करतो आणि तेथे विंडोजच्या क्रमाने ‘कॅन्सल’ बसलेले असेल, तर भरलेली माहिती जाते. क्यूटी या लायब्ररीने, म्हणजे विकसकांसाठीच्या तयार कोडच्या संग्रहाने, २००६ मधील ४.२ आवृत्तीत यावर सरळ तोडगा काढला : विकसकाने बटणाची केवळ भूमिका सांगायची, जागा लायब्ररी त्या त्या सिस्टीमनुसार ठरवते.

मजकुराच्या चौकटीत फरक आणखी बारीक होतात. विंडोजवर होम व एंड कळांनी कर्सर ओळीच्या टोकांना जातो. मॅकच्या मूळ प्रोग्रॅममध्ये त्याच कळांनी दस्तऐवज वर-खाली सरकतो आणि कर्सर जागचा हलत नाही. शब्द ओलांडण्यासाठी एकीकडे कंट्रोल व बाण, दुसरीकडे ऑप्शन व बाण. विंडोजवर स्क्रोलबारचा ठोकळा ओढताना माउस पट्टीपासून फार दूर गेला, की ठोकळा मूळ जागी परततो. मॅकवर तसे होत नाही. शेवटची खिडकी बंद केल्यावर विंडोजवरील प्रोग्रॅम सहसा संपतो, मॅकवरील अनेक प्रोग्रॅम मेन्यूपट्टीसह चालूच राहतात. अशा गोष्टी स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाहीत, त्यामुळे नक्कल करणाऱ्याकडून हमखास सुटतात.

अंमलबजावणीच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत सिस्टीमचेच घटक वापरले जातात. एडिंबरा विद्यापीठात १९९२ मध्ये सुरू झालेली डब्ल्यूएक्सविजेट्स ही लायब्ररी, जावा या प्रोग्रॅमिंग भाषेची एडब्ल्यूटी (१९९६) आणि एक्लिप्स या विकसकांच्या साधनासाठी आयबीएमने केलेली एसडब्ल्यूटी या वर्गातल्या. येथे सर्व सिस्टीमवर समान असलेले तेवढेच घटक हाती लागण्याचा धोका असतो व एडब्ल्यूटीवर तोच मुख्य आक्षेप होता. दुसऱ्या पद्धतीत लायब्ररी घटक स्वतः रंगवते. १९९८ मध्ये जावा १.२ बरोबर आलेली स्विंग ही अशी होती. ती सिस्टीमचे रूप उचलू शके. पण नक्कल मागे पडते. विंडोज एक्सपीचे नवे रूप २००१ मध्ये आले, स्विंगमध्ये ते २००३ च्या १.४.२ आवृत्तीत पोचले.

केवळ मूळ कोड समान ठेवल्याने काय होते, याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण म्हणजे मॅकसाठीचा वर्ड ६ (१९९४). विंडोज आवृत्तीच्याच कोडवर तो बेतलेला होता. तो संथ आहे आणि मॅकसारखा वागत नाही, अशी टीका झाली. ऑफिस ९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने मॅकच्या वळणाला पुन्हा प्राधान्य दिले. उलट कॅमिनो या ब्राउझरने फायरफॉक्सचेच गेको हे वेबपाने दाखवणारे इंजिन ठेवून भोवतीचा इंटरफेस मॅकच्या कोकोआ घटकांनी बांधला. फायरफॉक्सने स्वतः ३.० आवृत्तीत (२००८) सिस्टीमनिहाय वेगळ्या थीम दिल्या.

आक्षेपही आहेत. मानव-संगणक संवादाचे अभ्यासक जोनाथन ग्रुडिन यांनी १९८९ मध्ये असे मांडले, की सुसंगती हे स्वतंत्र ध्येय नव्हे. काम व संदर्भ पाहून ती प्रसंगी सोडावी. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रणाच्या प्रोग्रॅमसारखी व्यावसायिक साधने सर्वत्र स्वतःचाच इंटरफेस रंगवतात; दिवसभर त्यातच काम करणाऱ्याची सवय त्या साधनाची असते, हा त्यांचा युक्तिवाद ग्राह्य आहे. एकाच कोडवरून अनेक सिस्टीमसाठी प्रोग्रॅम बनवणाऱ्या इलेक्ट्रॉन (२०१३) व फ्लटर (२०१८) यांच्या मागे मात्र मुख्यतः खर्चाचे गणित दिसते.

स्वतः रंगवलेले बटण स्क्रीन रीडरला, म्हणजे अंध वापरकर्त्यासाठी पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, बटण म्हणून कळत नाही. त्याचे नाव, भूमिका व स्थिती सिस्टीमच्या सुलभता-यंत्रणेला वेगळी कळवावी लागते. विंडोजवर स्विंगसाठी याकरिता ॲक्सेस ब्रिज हा निराळा दुवा लागे. देवनागरीसारख्या लिप्यांत जोडाक्षरे, मात्रा आणि कर्सरची जागा यांबाबत सिस्टीमची मजकूर-चौकट बहुधा तयार असते, घरची चौकट क्वचितच.

मोबाइलवर अँड्रॉइडच्या २०१२ मधील सूचनांनी आयओएसचे पडद्याच्या तळाचे टॅब व नाव असलेले ‘मागे’ बटण उचलू नये असे बजावले होते. २०१६ मध्ये मात्र गूगलच्याच मटेरियल डिझाइन या इंटरफेस-नियमावलीत तळाची नेव्हिगेशन पट्टी अधिकृतपणे आली.