‘शीव’ आणि ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’: बटणाच्या मापामागचा इतिहास

मध्य रेल्वेच्या स्थानकांची यादी फोनवर दाखवताना पहिलंच नाव ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ येतं आणि दादर, माटुंगा ओलांडलं की ‘शीव’. दोघांना सारख्याच रुंदीचं बटण दिलं, तर एकाचं नाव कापलं जातं आणि दुसऱ्यात निम्मी जागा ओस पडते.

विंडोजच्या सुरुवातीच्या काळात ही मापं हाताने लिहीत. एकक फाँटवर बेतलेलं होतं: आडवं एकक म्हणजे अक्षराच्या सरासरी रुंदीचा चौथा भाग, उभं म्हणजे उंचीचा आठवा. नेहमीचं बटण ५० बाय १४ एककांचं. फाँट मोठा केला की पेटी वाढे, पण भाषा बदलली तर ती जागची हलत नसे. ‘कॅन्सल’ला ‘रद्द’ चपखल बसतो. सगळेच शब्द इतके सोयीचे नसतात.

युनिक्स या संगणकप्रणालीवर जॉन ऑस्टरहाउट यांच्या ‘टीके’ (Tk) या बटणं-खिडक्या रचण्याच्या साधनाने उलट वाट धरली: प्रत्येक घटकाने आपल्याला किती जागा हवी ते सांगायचं, बाहेरच्या चौकटीने त्यावरून आपलं माप ठरवायचं. १९९५च्या जावा या प्रोग्रामिंग भाषेतही हीच रीत होती. खरा हिशेब मात्र वेबवरच्या तक्त्यांनी मांडला. १९९६च्या ‘आरएफसी १९४२’ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजामध्ये प्रत्येक स्तंभाच्या दोन रुंद्या मोजायला सांगितल्या आहेत. किमान रुंदी सर्वांत रुंद न तुटणाऱ्या शब्दाइतकी, कमाल रुंदी सगळा मजकूर एका ओळीत मावेल इतकी. वेबपानांची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसचं सूत्र त्याच जातीचं: किमान रुंदी आणि उपलब्ध जागा यांतली मोठी घ्या; मग ती आणि कमाल रुंदी यांतली लहान. जागा अपुरी असेल तर टर्मिनसचं नाव शब्दांच्या फटीत मोडून दोन-तीन ओळींत जातं, ‘शीव’ आपल्या मापात राहतं.

अँड्रॉइडचं ‘रॅप कंटेंट’, म्हणजे मजकुराइतकंच माप घेणं, याच कुळातलं. ॲपलने २०११मध्ये ‘ऑटो लेआउट’ ही मांडणीची पद्धत आणताना आणखी एक प्रश्न सोडवला: जागा कमी पडली तर माघार कोणी घ्यायची? त्यासाठी प्राधान्याचे आकडे आले. आकसायला विरोध साधारण ७५०, फुगायला विरोध २५०. दोन शेजारी लेबलांचे आकडे सारखेच ठेवले, तर कोणतं कापलं जाईल याचा भरवसा नाही.

लिहिण्याची पेटी सर्वांत मागे राहिली. मजकुराप्रमाणे पेटीचं माप बदलणारं सीएसएसचं ‘फील्ड-सायझिंग’ क्रोममध्ये आलं ते थेट २०२४ साली. तोवर स्क्रिप्टने उंची ‘ऑटो’ करून मग ‘स्क्रोलहाइट’, म्हणजे आतल्या मजकुराची पूर्ण उंची, वाचावी लागे. पहिली पायरी विसरली की पेटी वाढते, पण मजकूर पुसल्यावर आक्रसत नाही.

देवनागरीत मोजणीच फसते. ‘मुंबई’त युनिकोडची (संगणकावरच्या लिपीसंकेताची) चिन्हं पाच, अक्षरं तीन, त्यामुळे चिन्हं मोजून रुंदी काढणं व्यर्थ. माप रचलेल्या मजकुराचं घ्यायचं, तेही फाँट उतरल्यावर. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ फाँट उशिरा उतरला आणि माप पर्यायी फाँटवर घेतलेलं असलं, तर शेवटचा शब्द खालच्या ओळीत घसरतो. रुंदीपेक्षा उंची जास्त दगा देते. ओळीची उंची १ ठेवून बाहेरचा भाग लपवला, की वरचा रफार आणि खालचा उकार दोन्ही छाटले जाऊ शकतात. उंची ठोकून न बसवता वर-खाली पॅडिंग (मोकळी जागा) द्यावं आणि ‘र्कूं’सारखं जोडाक्षर टाकून पाहावं.