७२ हजारांच्या आधीची गोष्ट: गरीब कुटुंबाला किमान उत्पन्नाची हमी कुठून आली

२०१९ च्या मार्चमध्ये काँग्रेसने न्याय योजना जाहीर केली तेव्हा आमच्या नाशकात चहाच्या टपरीवर सगळे हिशोबच करत बसले होते, देशातल्या सगळ्यात गरीब २० टक्के कुटुंबांना वर्षाला ७२,००० रुपये, म्हणजे महिन्याला ६,०००, म्हणजे ५ कोटी कुटुंबं, गुणाकार केला तर ३ लाख ६० हजार कोटी. एवढे पैसे आणणार कुठून हा एकच प्रश्न. पण ही कल्पना त्या महिन्यात जन्मली असं बऱ्याच जणांना वाटतं, ते तसं नाहीये.

१९६२ मध्ये नियोजन आयोगात पीतांबर पंत यांच्या गटाने किमान जीवनमानाचा विचार मांडला होता. १९६०-६१ च्या किमतींनी माणशी महिना २० रुपये एवढा तरी खर्च प्रत्येकाला करता यावा असं ते गणित. आणि तेव्हाच त्यांनी मान्य केलं होतं की देशाची प्रगती झाली तरी तळातल्या साधारण २० टक्के लोकांपर्यंत ती आपोआप पोचणार नाही, त्यांच्यासाठी वेगळं काहीतरी करावं लागेल. तोच २० चा आकडा ५७ वर्षांनी परत आला, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

मग १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी गरिबीचा मोठा अभ्यास केला. त्यांचा भर हातात पैसे देण्यापेक्षा काम देण्यावर होता, आणि महाराष्ट्र त्याच वाटेने गेला. १९७२ चा दुष्काळ आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतो, खडी फोडायची कामं, सुकडी, मस्टरवर अंगठा. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या प्रयत्नातून आलेल्या रोजगार हमीचा १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि त्यासाठी शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला. शहराने खेड्यातल्या मजुराच्या हमीचा खर्च उचलायचा ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते. २००५ मध्ये देशाचा कायदा आला, ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस काम, तो याच अनुभवावर उभा राहिला.

पण काम करू शकत नाही त्याचं काय? त्यांच्यासाठी आपल्याकडं १९८० पासून संजय गांधी निराधार योजना आहे आणि केंद्राची पेन्शन १९९५ पासून. केंद्राचा वाटा मात्र ६० ते ७९ वयाच्या गरीब म्हाताऱ्यांसाठी कित्येक वर्षं महिना २०० रुपयांवरच अडकलाय. २०० रुपयांत गॅसची टाकीसुद्धा येत नाही.

थेट पैसे दिले तर लोक दारूत उडवतील असं कायम ऐकू येतं ना, तर २०११ पासून मध्य प्रदेशात ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेने काही गावांत प्रयोग केला, मोठ्या माणसाला आधी महिना २०० आणि नंतर ३०० रुपये, पोरांना त्याच्या निम्मे, कुठलीही अट नाही. लोकांनी खाण्यावर, पोरांच्या शाळेवर, शेळ्या-कोंबड्यांवर खर्च केला, दारू वाढल्याचं दिसलं नाही. तोपर्यंत पैसे पोचवायची सोयपण व्हायला लागली होती, पहिलं आधार कार्ड २०१० मध्ये आपल्याच नाशिक विभागातल्या नंदुरबार जिल्ह्यात टेंभलीला दिलं गेलं, २०१४ मध्ये जनधन खाती आली. मग जानेवारी २०१७ च्या आर्थिक पाहणीत केंद्राचे तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांनी सरसकट मूलभूत उत्पन्नावर अख्खं प्रकरणच लिहिलं, माणशी वर्षाला ७,६२० रुपये, ७५ टक्के लोकांना दिले तर खर्च जीडीपीच्या ४.९ टक्के.

यानंतर सगळी घाईच झाली. तेलंगणाने २०१८ मध्ये शेतकऱ्यांना एकरी ४,००० रुपये हंगामाला दिले, १ फेब्रुवारी २०१९ ला केंद्राने पीएम किसान आणली, शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,०००. आता इथे नाशिकचं चित्र बघा. सुरगाणा, पेठ भागातली जोडपी छाटणीच्या दिवसांत दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर येतात, पोरंबाळं घेऊन तिथंच राहतात. बागाईतदाराच्या नावावर सातबारा आहे म्हणून त्याच्या खात्यात पैसे जमा होतात आणि त्याच बागेत राबणाऱ्या भूमिहीन बाईला काहीच नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या मोर्चातली मोठी मागणी कसत असलेली वनजमीन नावावर करा हीच होती.

न्यायमध्ये हमी जमिनीला नव्हती, कामाला नव्हती, कुटुंबाच्या गरिबीला होती, म्हणून ती वेगळी. पण घोळपण झाला, आधी वाटलं की कुटुंबाचं उत्पन्न महिना १२,००० पर्यंत जायला जेवढे कमी पडतात तेवढेच देणार, दुसऱ्या दिवशी पक्षाने सांगितलं की सरसकट ७२,००० आणि तेही घरातल्या बाईच्या खात्यात. शिवाय मजुराचं खरं उत्पन्न मोजायचं कसं, ते तर आठवड्याला बदलतं. तळातली ५ कोटी घरं निवडायची यादी हा सगळ्यात अवघड भाग होता, आणि प्रचारात त्यावर फारच कमी बोललं गेलं.

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेस ५२ जागांवर थांबली, योजना कागदावर राहिली. २०२४ मध्ये त्यांनीच गरीब घरातल्या बाईला वर्षाला १ लाख असं परत सांगितलं, आणि त्याच वर्षी राज्य सरकारने लाडकी बहीण आणली, महिना १,५००, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत पाहिजे. द्राक्षबागेवरच्या त्या बाईला यात पहिल्यांदा सातबारा न विचारता पैसे मिळायची सोय झाली, फक्त वय २१ ते ६५ पाहिजे. तिच्या ६६ वर्षांच्या सासूला मात्र पुन्हा श्रावणबाळ या म्हातारपणाच्या पेन्शनच्या कागदांकडेच जावं लागतं.