सेसना 150 किंवा 152 घेण्यापूर्वी: विमानाआधी लॉगबुके (देखभालीच्या नोंदवह्या) पाठवावीत

अमेरिकेत स्थायिक झालेले आणि स्वतःचे पहिले विमान घेऊ पाहणारे आमच्या विमान-तपासणी कार्यशाळेचे मराठी ग्राहक पहिल्याच फोनमध्ये बहुधा एकच प्रश्न विचारतात: दोन आसनांचे सेसना 150 चांगले की 152, आणि दोन माणसांना ते पुरते का? तोपर्यंत त्यांचे आठ-दहा मालकांशी बोलणे झालेले असते आणि ती मते एकमेकांशी जुळत नसल्यामुळे निवाडा आमच्याकडे मागितला जातो. स्पोर्ट पायलट हा हलक्या विमानांपुरता मर्यादित परवाना असणाऱ्यांना 22 ऑक्टोबर 2025 पासून ही दोन्ही विमाने चालवण्याची मुभा मिळाली आणि तेव्हापासून हे फोन वाढले आहेत. म्हणून हे पत्रक.

मालक खोटे बोलत नाहीत. प्रत्येक जण आपापल्या विमानाविषयी खरे तेच सांगतो; अडचण एवढीच की आपण घेणार आहात ते विमान त्याचे नसते. 1958 ते 1977 या काळात तेवीस हजारांहून अधिक 150 तयार झाली आणि त्यानंतर 1985 पर्यंत सात हजारांहून अधिक 152. यातील सर्वांत तरुण विमानानेही चाळिशी गाठली आहे. एखादे आयुष्यभर कोरड्या हँगरमध्ये राहिले, तर दुसऱ्याने प्रशिक्षणशाळेत रोज वीस-वीस लँडिंग सोसली. नाव एकच असले तरी चाळीस वर्षांनंतर ती दोन वेगळी विमाने असतात.

तरीही काही मते सर्वसाधारणपणे खरी आहेत. दोन्ही विमानांत शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लागतो. तासाला पाच ते सहा गॅलन इंधनात काम भागते आणि सुटे भाग अजूनही मिळतात. 150 चे फ्लॅप (उतरताना वेग कमी करण्यासाठी पंखांच्या मागच्या कडेचे खाली झुकणारे भाग) 40 अंशांपर्यंत उतरतात, 152 चे 30 अंशांपर्यंतच, आणि आखूड धावपट्टी वापरणाऱ्या मालकांना पहिल्याचे प्रेम असते ते याच कारणाने. 150 चे कॉन्टिनेंटल कंपनीचे 100 अश्वशक्तीचे इंजिन 80 ऑक्टेन इंधनासाठी घडवले गेले होते; आजच्या 100 एलएल या विमान-पेट्रोलात शिसे अधिक असल्याने त्याच्या खालच्या स्पार्क प्लगांवर ते साचते. त्यामुळे प्लग वरचेवर साफ करावे लागतात आणि टॅक्सी करताना (विमान जमिनीवरून चालवत नेताना) मिक्स्चर लीन, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, ठेवण्याची सवय लावून घ्यावी लागते. 152 मध्ये लायकमिंग कंपनीचे इंजिन आले. महाराष्ट्रातील फ्लाइंग क्लबमध्ये 152 वर शिकलेल्या ग्राहकांना ते ओळखीचे वाटते, परंतु ओळखीपोटी जास्त पैसे मोजण्याचा सल्ला आम्ही देत नाही. चांगल्या नोंदींचे 150 हे अपुऱ्या नोंदींच्या 152 पेक्षा केव्हाही उत्तम.

'दोन माणसांना पुरते का' या प्रश्नाचे उत्तर मालकाकडे नसते, ते विमानाच्या वजनपत्रात असते. समजा, एका 150 चे रिकामे वजन त्याच्या पत्रात 1,120 पौंड आहे आणि कमाल वजनाची मर्यादा 1,600 पौंड आहे. उरतात 480. टाक्या भरल्या की वापरण्याजोगे इंधन 22.5 गॅलन होते, म्हणजे 135 पौंड. ते वजा जाता 345 पौंड, म्हणजे सुमारे 156 किलो. ऐंशी-ऐंशी किलोचे दोघे जण बसले की हातातली पिशवी न धरताच मर्यादा ओलांडली जाते, आणि मग टाक्या भरून उडता येत नाही. कारखान्याच्या माहितीपुस्तकातील रिकामे वजन याहून कमी दिसते, कारण नंतर बसवलेले रेडिओ आणि मारलेले रंग त्यात धरलेले नसतात. ज्या मालकाने 'आम्हा दोघांना आरामात पुरते' असे सांगितले, त्याची पत्नी कदाचित पन्नास किलोची असेल.

आता ज्या एका चुकीमुळे आपला आणि आमचा वेळ जातो, तिच्याविषयी. ग्राहक मालकांच्या मतांवर विसंबून विसार देतात, खरेदीपूर्व तपासणीचा दिवस ठरवतात, विमान आमच्या हँगरसमोर येऊन उभे राहते आणि लॉगबुके मात्र 'नंतर पाठवतो' या सबबीवर विक्रेत्याच्या घरी राहतात. गेल्या वर्षी असेच एक 150 आले. रंग सुरेख होता, कॉम्प्रेशन चांगले होते आणि जाहिरातीत इंजिन ओव्हरहॉलनंतर (पूर्ण उघडून केलेल्या दुरुस्तीनंतर) अवघे सहाशे तास चालल्याचे लिहिले होते. आम्ही दिवसभर कव्हरे उघडून तपासणी केली. चौथ्या दिवशी लॉगबुके आली तेव्हा कळले की ते ओव्हरहॉल तीस वर्षांपूर्वीचे होते आणि मधली कित्येक वर्षे विमान जागचे हलले नव्हते. ओव्हरहॉलसाठी कॉन्टिनेंटलची शिफारस 1,800 तास किंवा 12 वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते, अशी आहे. पंखाच्या दुरुस्तीची नोंद होती, पण तिचा फॉर्म 337, म्हणजे मोठ्या दुरुस्तीचा सरकारी नोंदणी-फॉर्म, कुठेच नव्हता. हे सारे विमान येण्यापूर्वी टेबलावर बसून दोन तासांत समजले असते. ग्राहकाने व्यवहार मोडला आणि तपासणीचे शुल्क भरले. त्यांची नाराजी आम्हाला समजली. पण काम झाले होते.

कागद आधी का मागतो, याचे आणखी एक कारण आहे. या विमानांच्या सीटच्या रुळांना एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे सरकारचा सक्तीचा सुरक्षा-निर्देश, लागू आहे. सीटची खीळ ज्या छिद्रांत बसते ती छिद्रे वर्षानुवर्षांच्या वापराने गोल न राहता लांबट होतात. टॉर्च जवळ धरून पाहिले की झिजलेली कड चमकते. खीळ सुटली की टेकऑफच्या वेळी सीट पायलटसकट मागे घसरते आणि हात नकळत स्टीअरिंग ओढतात. दुसरा निर्देश 2009 सालचा, रडरच्या (शेपटीवरच्या सुकाणूच्या) थांब्यांविषयीचा. त्याची पूर्तता दोन मार्गांनी होते: नवे थांबे बसवावेत किंवा स्पिन (गिरक्या घेत खाली येणे) करण्यास मनाई करणारी पाटी लावावी. कोणता मार्ग घेतला हे लॉगबुकात लिहिलेले असते, आणि ज्यांना या विमानात स्पिन शिकायचे आहे त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे.

म्हणून आमची पद्धत अशी की प्रथम कागदवाचन, मग विमान. काही ग्राहकांना त्याचे वेगळे शुल्क अनावश्यक वाटते. मात्र निम्म्याहून अधिक वेळा निर्णय तेथेच होतो आणि मोठ्या तपासणीचा खर्च वाचतो, हा आमचा अनुभव आहे. तसेच खरेदीपूर्व तपासणीलाच वार्षिक तपासणी मानावे, ही विनंती आम्ही विक्रेत्याच्या लेखी संमतीशिवाय स्वीकारत नाही. वार्षिक तपासणी सुरू झाली आणि गंभीर दोष निघाला, तर तो लॉगबुकात येतो, विमान जमिनीवर अडकते आणि जे विमान अद्याप आपले नाही त्याच्या वादात आपण ओढले जाता. विक्रेत्याच्या नेहमीच्या मेकॅनिकने विमान उत्तम असल्याचे सांगितले तरी आम्ही स्वतः पाहिल्याशिवाय सही करत नाही. त्यात त्या मेकॅनिकचा अनादर नाही.

विसार देण्यापूर्वी विमानाची, इंजिनाची आणि प्रोपेलरची लॉगबुके पहिल्या पानापासून स्कॅन करून पाठवावीत; त्यासोबत वजनपत्र, सर्व फॉर्म 337 आणि निर्देशांच्या पूर्ततेची यादी असावी. मोबाइलवर काढलेली छायाचित्रे चालतील, मात्र तारखा आणि तासांचे आकडे स्पष्ट दिसले पाहिजेत. कागद मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत आम्ही आपल्याला मराठीत लेखी अभिप्राय देतो. त्यानंतर विमान आमच्याकडे आणलेत आणि खरेदी करून पहिली वार्षिक तपासणीही येथेच केलीत, तर कागदवाचनाचे संपूर्ण शुल्क त्या बिलातून वजा केले जाते.